धनगर, चांदणं आणि रक्ताळलेलं काळीज : कुर्दी गायकांची नावं

मंद्रसप्तक

शिवान पेरवेर. जिवान हाजो. आयनूर. दिलशाद. गुलिस्तान. जिगेरख्वीन.

कुर्दी संगीत ऐकायला बसलं की गाण्याच्या आधी ही नावंच माणसाला थांबवतात. यातली निम्मी आपल्याला ओळखीची वाटतात, आणि ती खरोखरच ओळखीची आहेत. कुर्दी, म्हणजे तुर्कस्तान, सीरिया, इराक आणि इराणमध्ये पसरलेल्या कुर्दांची भाषा, ही फारसीची बहीण. दिल, गुल, बर्फ, रोज, आझाद, जिगर, खून हे शब्द फारसीतून मराठीत येऊन मुरले, त्यांचेच सख्खे भाऊ कुर्दीत आहेत. तिथे ते मुलामुलींची नावं होतात. बेर्फ म्हणजे बर्फ, त्यावरून मुलीचं नाव बेर्फीन. रोज म्हणजे सूर्य आणि दिवसही, त्यावरून रोजीन, रोजदा, रोजहात. झोझान हे उन्हाळ्यात मेंढरं घेऊन जायच्या डोंगरावरच्या कुरणाचं नाव, आणि मुलीचंही. हेवी म्हणजे आशा, वेलात म्हणजे मायदेश. तैग्रिस नदीला दिजले म्हणतात, तेही मुलीचं नाव असतं.

पण मला बोलायचंय ते गायकांच्या नावांबद्दल, कारण तिथे अर्थ नुसता गोड राहत नाही.

शिवान म्हणजे धनगर. आपल्या शिवाशी त्याचा संबंध नाही; तो शब्द जुन्या इराणी 'फ्शुपान' वरून आला. त्यातला 'फ्शु' म्हणजे आपला पशू आणि 'पान' म्हणजे पाळणारा, राखणारा. 'पेरवेर' म्हणजे जोपासणारा. 'गरीबपरवर' मधला परवर तोच. हा माणूस १९५५ साली तुर्कस्तानातल्या उर्फा भागात जन्मला आणि सरकारदरबारी त्याचं नाव होतं इस्माईल आयगुन. १९७६ साली तो देश सोडून जर्मनीत गेला. पुढची कित्येक वर्षं त्याच्या कॅसेटी सीमेपलीकडून चोरून यायच्या, नकलांच्या नकला निघायच्या. १९८३ च्या एका कायद्याने तुर्कस्तानात कुर्दी भाषेवर बंदीच आली होती, ती १९९१ साली उठली. त्या सगळ्या काळात इस्माईल आयगुन कागदावर राहिला आणि घराघरांत दार लावून शिवान पेरवेर ऐकला जात होता.

त्याचं 'कीने एम', म्हणजे 'आम्ही कोण', हे गाणं ज्या कवितेवरून झालं तिचा कवी जिगेरख्वीन (१९०३–१९८४). त्याचं जन्मनाव शेखमुस हसन. जिगेर म्हणजे काळीज, ख्वीन म्हणजे रक्त. जिगर हा शब्द मूळचा यकृताचा, आणि आपलं काळीजही मूळचं यकृतच. दुःखाला राहायची जागा दोन्ही भाषांनी एकच ठरवली याचं मला फार अप्रूप वाटतं. 'आम्ही कोण' असं विचारणारं गाणं, ते लिहिणाऱ्याने नाव स्वतः निवडलेलं, ते गाणाऱ्यानेही नाव स्वतः निवडलेलं. मला हा योगायोग वाटत नाही.

तुर्की प्रजासत्ताकाने १९२८ साली अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली. त्या वर्णमालेत क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन अक्षरं ठेवली नाहीत. दमास्कसमध्ये जेलादेत बेदिरखान यांनी १९३२ पासून 'हावार' या मासिकातून कुर्दीसाठी जी लॅटिन वर्णमाला रुजवली, तिच्यात मात्र ही तिन्ही अक्षरं आहेत, कारण ते उच्चार कुर्दीत आहेत. १९३४ साली आडनावांचा कायदा आला. प्रत्येकाने आडनाव घ्यायचंच, आणि ते तुर्की वळणाचं हवं. यान, ओफ, विच, पुलोस, झादे असले शेवट नियमावलीने नाकारले. टोळ्यांची नावंही आडनाव म्हणून चालणार नव्हती. मग १९७२ चा लोकसंख्या नोंदणीचा कायदा : 'राष्ट्रीय संस्कृती'शी न जुळणारं नाव मुलाला ठेवता येणार नाही. २००३ साली हे कलम सैल झालं, पण नाव तुर्की वर्णमालेतच लिहायचं हा आग्रह राहिला, म्हणजे ती तीन अक्षरं पुन्हा दाराबाहेर. काही कुर्द लोक हा वाद युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत घेऊन गेले. २०१० साली निकाल त्यांच्या विरोधात लागला. न्यायालयाचं म्हणणं असं की तुर्की अक्षरांत जवळचा उच्चार लिहिता येतो, तेव्हा हक्काचा भंग होत नाही.

जिवानमधला 'वा' डब्ल्यूने लिहितात. जिगेरख्वीनमध्ये तर एक्सही आहे आणि डब्ल्यूही. नुसतं नाव लिहिलं तरी ते नियमाबाहेर.

आता आयनूर दोआन. जन्म १९७५, पूर्व तुर्कस्तानातल्या देरसीम भागातली. 'आय' म्हणजे तुर्कीत चंद्र, 'नूर' अरबी. चांदणं. या नावात कुर्दी काहीच नाही! आणि तरी तिच्या पिढीचा सगळ्यात ओळखला जाणारा कुर्दी आवाज तिचाच. तिचा 'केचे कुर्दान' हा अल्बम २००४ चा. २००५ साली दियारबाकिरच्या, म्हणजे तुर्कस्तानातल्या मोठ्या कुर्दबहुल शहराच्या, न्यायालयाने त्यावर बंदी घातली. २०११ साली इस्तंबूलच्या जॅझ महोत्सवात तिने कुर्दी गाणी म्हटली म्हणून श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो करून तिला मंचावरून उतरायला लावलं. नाव तुर्की असल्याचा तिला काही उपयोग झाला नाही.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. १६ नोव्हेंबर २०१३. सदतीस वर्षांनी शिवान पेरवेर दियारबाकिरला आला. मंचावर त्याच्या शेजारी इब्राहिम तातलीसेस, तुर्कस्तानातला प्रचंड लोकप्रिय गायक. उर्फाचा, आई कुर्द, वडील अरब. जन्मनाव इब्राहिम तातली, म्हणजे 'गोड'. गायक झाल्यावर त्याने त्याला 'सेस' जोडलं, म्हणजे 'गोड आवाज'. १९८६ साली स्वीडनमध्ये तो कुर्दीत गायला म्हणून मायदेशी त्याच्यावर खटला झाला होता. एकाने नाव बदललं आणि देश सोडला. दुसऱ्याने नाव गोड केलं, देशात राहिला, तुर्कीत गायला. दोघंही उर्फाकडचे. त्या दिवशी दोघं एकत्र गायले.

ते चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कुर्दी गायकाचं नाव ही गाण्याची पहिली ओळ म्हणून ऐकावी. तुम्हाला काय वाटतं, आणि तुमच्याकडे आणखी काय आहे, ते जरूर लिहा.

---

रानजाई

सुरेख धागा. वाचनखूण साठवली. काळीज आणि जिगर हे इतक्या जवळचे असतील असं कधी मनात आलं नव्हतं.

---

पंचगंगाकाठी

लेख आवडला, पण थोडं वेगळं मत मांडतो. टोपणनाव घेणं ही कलावंतांची जगभरची रीत आहे. आपल्याकडे कृष्णाजी केशव दामल्यांचे केशवसुत झाले, शिरवाडकरांचे कुसुमाग्रज झाले. त्यात कुणी बंड शोधत नाही. उर्दू शायरांचे तखल्लुस, म्हणजे कवींची टोपणनावं, तर विचारूच नका, आणि जिगेरख्वीन हा मला तरी त्याच परंपरेतला तखल्लुस वाटतो. प्रत्येक नावामागे राजकारण बघितलं तर गाणं ऐकायचं राहून जातं.

शिवाय २०१३ च्या त्या कार्यक्रमाबद्दल. तो सत्ताधाऱ्यांनी जमवून आणलेला सोहळा होता. तेव्हाचे तुर्की पंतप्रधान एर्दोआन होते, इराकी कुर्दिस्तानचे नेते बारझानी होते. बऱ्याच कुर्दांना शिवानचं तिथे जाणं रुचलं नव्हतं. तेही लिहायला हवं होतं.

---

मंद्रसप्तक

@पंचगंगाकाठी, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. रोष होता, आणि तो समजण्यासारखा होता. पुढे दोन वर्षांत तिथलं सरकार आणि कुर्दी बंडखोर यांच्यातली शांतता बोलणीही मोडली, त्यामुळे त्या दिवसाकडे आज बघताना आनंद कमी आणि हुरहुर जास्त वाटते.

पहिल्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. जिगेरख्वीन हा तखल्लुस आहेच, आणि ती परंपरा कुर्दी कवितेत फार जुनी आहे. शेर्को बेकेस या कवीच्या नावातला 'बेकेस', ज्याला कुणी नाही तो, हाही त्याच्या वडिलांकडून आलेला तखल्लुसच. पण कुसुमाग्रजांना 'शिरवाडकर' हे नाव कुणी कायद्याने चिकटवलं नव्हतं, आणि 'कुसुमाग्रज' लिहायला लागणारी अक्षरं वर्णमालेतून काढून टाकली नव्हती. दोन्ही नावं त्यांचीच होती. इस्माईल आयगुनमधलं 'आयगुन' हे आडनाव कुठून आलं? १९३४ च्या कायद्यानंतर तिथल्या घराघरांत अशी तुर्की आडनावं आली. त्या मुलुखात 'तुर्क', 'ओझतुर्क' अशी आडनावं असलेली कुर्द घराणी सापडतात. 'ओझतुर्क' म्हणजे अस्सल तुर्क. असं आडनाव जन्मभर वागवणाऱ्या कुर्द माणसाला स्वतःसाठी दुसरं नाव निवडावंसं वाटलं, तर त्याला मी हौस म्हणणार नाही.

---

ऱ्हाईनकाठचा

कोलोनजवळ बरीच वर्षं राहतोय. आमच्या इमारतीत एक कुर्द कुटुंब आहे, नाव अर्थातच देत नाही. त्यांच्या टपालपेटीवर मुलीचं नाव दोनदा लिहिलेलं आहे. वर छापील पट्टी, त्यात व्ही. खाली पेनाने लिहिलेला कागद, त्यात डब्ल्यू. पट्टी पासपोर्टप्रमाणे, कारण सरकारी पत्रं त्या नावाने येतात. खालचा कागद आजीने लावलेला. पावसाने शाई पसरली की आजी नवा लावते.

जर्मन वर्णमालेत डब्ल्यू आहे, त्यामुळे इथल्या कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण पासपोर्ट तुर्की असला की इथलं कार्यालयही त्यातलंच नाव उतरवून घेतं. घरातली सगळी मंडळी तिला खालच्या कागदावरच्या नावानेच हाक मारतात.

नवरोजच्या आसपास त्यांच्याकडे मोठ्याने गाणी लागतात. शिवान असतोच, आणि जिवान हाजोही. जिवान हा सीरियातल्या कामिश्ली भागातला, १९५७ चा. त्याच्या गाण्यात गिटार, ड्रम, जॅझचा वास. घरातली तरणी पोरं त्याच्यावर नाचतात आणि आजोबांना शिवानच हवा असतो. जिवान म्हणजे तरुण, देखणा. आपला जवान, संस्कृतातला युवन् त्याच घरातला. नाव अगदी शोभतं त्याला.

---

गिरगावकर

कामकारांचा उल्लेख कसा नाही? इराणी कुर्दिस्तानातल्या सनंदजचं हे घराणं. वडील हसन कामकार यांनी मुलांना शिकवलं आणि सगळी भावंडं वादक झाली : हूशंग, बीजन, पशंग, कशंग, अर्जंग, अर्सलान, अर्देशीर, अर्दवान. आधी एकापाठोपाठ 'अंग'ची साखळी आणि मग 'अर'ची, नुसतं म्हणून बघा! बापाने नावं ठेवतानाच ताल धरला होता म्हणायला हरकत नाही. कशंग ही बहीण, सेतार (आपली सतार नव्हे, छोटं इराणी तंतुवाद्य) वाजवते. तिच्या नावाचा अर्थ सुंदर. अर्सलान तुर्की, म्हणजे सिंह. बाकीची बरीचशी शाहनाम्यातली, म्हणजे फिर्दौसीच्या फारसी महाकाव्यातली, आणि जुन्या राजांची.

मी गिरगावात वाढलो, त्यामुळे हूशंग आणि अर्देशीर ही नावं माझ्यासाठी शेजारच्या पारशी मंडळींची. पहिला बोलपट काढणारे अर्देशीर इराणी, गोदरेज उभारणारे अर्देशीर. जुन्या इराणीत त्याचे दोन तुकडे : 'अर्त' आणि 'क्षस्स'. म्हणजे आपलं ऋत आणि क्षत्र. ऋताने, सत्याने राज्य करणारा. एकच नाव मुंबईच्या पारशी कारखानदाराचं आणि सनंदजच्या कुर्द कमांचावादकाचं.

@मंद्रसप्तक, इथे तुमची मांडणी थोडी सैल करावी लागेल. इराणमध्ये कुर्द बापाने मुलांना शाहनाम्यातली नावं दिली आणि त्यात कुणालाच उपरं वाटलं नाही. तुर्कस्तानातली कथा सगळ्या कुर्दांना लावता येत नाही.

---

मंद्रसप्तक

@गिरगावकर, बरोबर. शाहनाम्याला कुर्दही आपलाच मानतात. त्यातल्या जुलमी राजा झुहाकला संपवणारा कावा लोहार तर त्यांच्या नवरोजचा नायक, आणि कावा हे नाव घरोघर आहे. पण इराणातही घरचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असल्याची मोठी कहाणी आहेच. सप्टेंबर २०२२ मध्ये तेहरानला पोलिसांच्या ताब्यात असताना जी तरुणी गेली, ती जगाला महसा अमिनी म्हणून कळली. सक्केझ गावी घरी तिला जीना म्हणत. जीना, म्हणजे जगणं. तिच्या कबरीवर कुर्दीत लिहिलेलं आहे : जीना, तू मरणार नाहीस, तुझं नाव खूणशब्द होईल. 'जिन, जियान, आझादी' ही घोषणा कुर्दांची, आधीपासूनची; त्या आंदोलनात ती देशभर गेली. जिन म्हणजे बाई, जियान म्हणजे जीवन.

---

सुरपेटी

संगीताच्या अंगाने थोडी भर घालते. कैहान कल्होर हे नाव हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्यांनी चुकवू नये. जन्म १९६३, तेहरानचा, घराणं कुर्द. कैहान म्हणजे विश्व. कल्होर हे केर्मानशाहकडच्या एका मोठ्या कुर्द जमातीचं नाव. म्हणजे तुर्कस्तानात जमातीचं नाव आडनाव म्हणून मना, आणि इथे तेच आडनाव घेऊन माणूस जगभर वाजवतोय.

विलायत खाँसाहेबांचे चिरंजीव शुजात खान यांच्याबरोबर त्याने 'गझल' नावाचा गट काढला होता. 'द रेन' हा त्यांचा अल्बम २००३ चा, तबल्यावर संदीप दास. कमांचा हे गजाने वाजवायचं वाद्य, मांडीजवळ उभं धरतात आणि सूर बदलताना गजाऐवजी वाद्यच फिरवतात. सतार आलापाला लागते, कमांचा मागून येऊन तिचा शेवटचा स्वर उचलतो आणि तिथून भलत्याच वळणाने निघून जातो. शुजात खान गायला लागले की तो आवाजाच्या खाली खाली सरकत जातो, सारंगी साथ करते तसा. मी हे रात्री एकटीने ऐकते आणि कुर्दी काय, इराणी काय, आपलं काय, हे वेगळं करणं मला नकोसं होतं.

---

शेवंती_फोंडा

मला गावांवरून पडलेली नावं आठवली. बगदाद रेडिओवर १९३९ पासून कुर्दी विभाग होता आणि तिथे सीमेपलीकडून आलेले मोठमोठे गायक गात. हसन जिझरावी, मोहम्मद आरिफ जिझरावी. दोघंही तुर्कस्तानातल्या जिझरे गावचे. गाव मागे पडलं, नावात राहिलं. गोव्यातल्या मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतलं आणि त्या गावाचं नाव जगभर गेलं. जिझरावी म्हटल्यावर मला लगेच ते आठवलं. पण दीनानाथ मंगेशीला हवं तेव्हा जाऊ शकत होते.

बायकांबद्दलही लिहा कुणीतरी. त्याच रेडिओवर मेरियेम खान गात असे (१९०४–१९४९). आणि आयशे शान (१९३८–१९९६) दियारबाकिरची. बाप स्वतः परंपरागत गायक, तरी मुलगी गाते म्हणून घरच्यांनी नातं तोडलं. ती इज्मीरला वारली. तिची गाणी ऐकताना मला नावाचा अर्थ शोधावासा वाटत नाही, घशाशी काहीतरी येतं.

---

मंद्रसप्तक

@शेवंती_फोंडा, मनापासून धन्यवाद. बायकांच्या नावावरून एक गोष्ट. एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात थोर देंगबेझ म्हणजे एवदाले झेयनिके. (देंग म्हणजे आवाज, बेझ म्हणजे सांगणारा. वाद्याशिवाय, निव्वळ गळ्यावर तासन्‌तास कथा गाणारे हे लोक.) त्याच्या नावातलं 'झेयनिक' हे त्याच्या आईचं नाव. झेयनिकचा एवदाल. कुर्दी देंगबेझांचा हा मूळपुरुष, आणि तो आईच्या नावाने ओळखला जातो.

---

अरारातपार

इतकं सगळं आलं आणि येरेवान रेडिओ राहिला! सोव्हिएत आर्मेनियातून १९५५ पासून कुर्दी कार्यक्रम लागायचे. सुरुवातीला जेमतेम पंधरा मिनिटं. 'येरेवान खेबेर दिदे', येरेवान बोलतंय, एवढे शब्द ऐकायला सीमेपलीकडे तुर्कस्तानात लोक रेडिओला कान लावून बसत, आवाज बारीक करून.

तिथला एक गायक कारापेते खाचो. कारापेत हे आर्मेनियन नाव, म्हणजे पुढे चालणारा, वर्दी देणारा. खाच म्हणजे क्रूस. हा माणूस आर्मेनियन, १९१५ च्या नरसंहारातून लहानपणी वाचलेला. गायला मात्र कुर्दीत, आणि कुर्द त्याला आपल्या थोर देंगबेझांत मोजतात. नावात क्रूस, तोंडात कुर्दी. २००५ साली तो आर्मेनियात वारला.

दुसरा जासिमे जेलील, यझिदी (कुर्दांतला एक वेगळा धर्मपंथ) कुर्द, आजच्या तुर्कस्तानातल्या कार्सकडचा. पहिल्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत त्याचं सगळं घर मारलं गेलं आणि हा पोरगा अनाथालयात पोचला. आपण कोण हे विसरू नये म्हणून तो रोज रात्री झोपण्याआधी स्वतःशी घोकायचा : माझं नाव जासिम, मी जेलीलचा मुलगा, माझं गाव किझिलकुले, मी कुर्द, यझिदी कुर्द. पुढे येरेवान रेडिओच्या कुर्दी विभागाची सुरुवातीची धुरा त्यानेच वाहिली. त्याची मुलगी जेमिला जेलील संगीतशास्त्रज्ञ झाली आणि तिने शेकडो कुर्दी लोकगीतांना स्वरलिपीत बांधलं. कुर्दी रीतीप्रमाणे बापाचं नाव मुलाच्या नावाला जोडतात, म्हणून जासिमे जेलील म्हणजे जेलीलचा जासिम. बाप गेला होता, गाव गेलं होतं, पण ते नाव लावणं त्याने सोडलं नाही. @पंचगंगाकाठी, या माणसाबाबत तरी मला वाटतं की नाव हेच सगळं होतं.

---

पंचगंगाकाठी

@अरारातपार, इथे माझ्याकडे वाद घालायला काही नाही. जासिमबद्दल पहिल्यांदाच वाचलं, रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

मंद्रसप्तक, टोपणनाव आणि लादलेलं नाव यातला फरक मला पटला. जिगेरख्वीनबद्दल मात्र मी माझ्या मतावर आहे. तो तखल्लुस आहे, आणि तखल्लुस असण्यात कमीपणा नाही.

---

रानजाई

माझ्यासारख्या अगदी नवख्याने कुठून सुरुवात करावी? शब्द कळत नाहीत तर कंटाळा येईल का?

---

मंद्रसप्तक

@रानजाई, आयनूरपासून करा. साझ (लांब मानेचं तंतुवाद्य) आणि आवाज, बाकी गर्दी कमी. मग सुरपेटी म्हणाल्या तो 'द रेन', तो तर तुमच्या कानाला परका वाटणारच नाही. त्यानंतर कामकार, तिथे डफाचा ठेका तुम्हाला धरून ठेवेल. शिवान सावकाश ऐका. शक्यतो नुसत्या तेंबूरवरची (साझसारखंच तंतुवाद्य) जुनी ध्वनिमुद्रणं. 'हलब्जा' ऐकण्याआधी एवढं माहीत असू द्या की १६ मार्च १९८८ ला इराकच्या त्या गावावर विषारी वायू सोडला गेला आणि सुमारे ५,००० माणसं मेली. शब्द नाही कळले तरी चालेल, पण हे कळलेलं असावं.

देंगबेझ मात्र सगळ्यात शेवटी. शाकिरो नावाचा एक गायक होऊन गेला, त्याचा श्वास संपता संपत नाही. एका दमात इतके शब्द येतात की आपण श्वास धरून बसतो. दियारबाकिरमध्ये २००७ पासून देंगबेझांसाठी एक घर आहे, तिथे ही मंडळी येऊन बसतात, एक गातो आणि बाकीचे ऐकतात.

आणि देरसीमचा मिकाईल अस्लान. तो झाझाकीत गातो, ती कुर्मांजीहून, म्हणजे तुर्कस्तानातले बहुतेक कुर्द बोलतात त्या कुर्दीहून, वेगळी आहे. तिला कुर्दीची बोली म्हणावं की स्वतंत्र भाषा, यावर तिथलेच लोक भांडतात. त्यावर वेगळा धागा काढतो.